पाळणाघरात स्टेज

मॅडमनी दुसऱ्यांदा घड्याळात पाहिलं, तेव्हा आमचे अध्यक्ष श्रीनिवास अण्णा अजून प्रास्ताविकातच होते. स्टेजवर खुर्च्या, मागे फ्लेक्स, पुढे रांगोळी, टेबलावर काजू-बदामाच्या बशा. फ्लेक्सवर मॅडमचं नाव संस्थेच्या नावापेक्षा मोठं. आणि मी, संस्थेचा मानद सचिव, अण्णांना माइक कमी पडू नये म्हणून शेजारी उभा. मानद म्हणजे पगार नाही, बोलणी मात्र पूर्ण.

मॅडम पुण्याहून आल्या होत्या, एका कंपनीच्या सीएसआर विभागातून. कंपन्यांनी नफ्यातला काही वाटा समाजकार्याला द्यायचा असतो, तो वाटणारा हा विभाग. आमचं पाळणाघर आहे. सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यांत बायका कांड्या भरतात, म्हणजे मागाला लागणारा धागा गुंडाळून देतात. त्यांची तान्ही मुलं दिवसभर आमच्याकडे. आम्ही नसलो तर ती मागाशेजारी पोत्यावर निजणार आणि नाकातोंडात कापसाची धूळ घेणार. जुन्या देणगीदारानं हात आखडता घेतला होता. हे अनुदान मिळालं नाही तर दिवाळीनंतर पाळणाघर बंद, हे ठरलेलं होतं. मी तर दाराला लावायला कुलूपही आणून ठेवलं होतं. बँकवाल्याला वाईटाची तयारी आधी सुचते.

हो, मी बँकेतला. एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात लोकांचे अर्ज नाकारण्यात माझी हयात गेली. ज्यानं इतके अर्ज नाकारले त्याला चांगला अर्ज लिहिता येणारच, अशी माझी समजूत. "जेवणाला नावं ठेवणाऱ्याला स्वयंपाक येतोच असं नाही," बायको म्हणाली, आणि माझ्या प्रपोजलमधली निम्मी विशेषणं तिनं खोडून टाकली. बहुतेक त्यामुळेच ते पहिल्या चाळणीतून पार पडलं. पुढची पायरी साइट व्हिजिट. कागदावर लिहिलंय ते जागेवर आहे का, हे त्यांनी येऊन बघायचं.

आम्ही मीटिंग घेतली. अण्णांचा चादरींचा कारखाना, मन मोठं, आवाज त्याहून मोठा.

"पावणे पुण्यास्नं येनार आन् नुस्त्या चहावर लावून द्यायचे? सोलापूरचं नाक कापायचं हाय काय? सत्कार जोरात झाला पायजे की!"

मुलं सांभाळणाऱ्या शबाना आपांनी विचारलं, "स्टेज टाकलं तर पोरं कुटं निजवायची, साहेब? झोळ्या कुटं बांधायच्या?"

खोली एकच. छताच्या कड्यांना झोळ्या टांगलेल्या, आणि त्या फ्लेक्सच्या बरोबर आड येत होत्या. मी सचिवाच्या आवाजात निर्णय दिला, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मुलं अण्णांच्या गोडाउनमध्ये हलवा. रडली, शू केली, तर पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

आपा माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, माझ्या नियोजनाचं कौतुक चाललंय.

तर प्रास्ताविक संपलं. दीपप्रज्वलनासाठी पंखा बंद केला, तो चालू करायचा राहिला. मग नारळ झाला, चादर झाली, फेटा झाला. घामाघूम मॅडमनी फेट्याखालून विचारलं, "मुलं कुठे आहेत?"

"आहेत ना मॅडम. आधी नाश्ता घेऊ."

मॅडमनी काजूंच्या बशीकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं, रिकाम्या कड्यांकडे पाहिलं. "एवढा खर्च तुम्हाला परवडतो. मग अनुदान कशासाठी?"

"समदं माझ्या खिशातनं हाय की!" अण्णा अभिमानानं म्हणाले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मॅडमची ती नजर माझ्या ओळखीची होती. बँकेत असताना मी कर्ज मागणाऱ्यांच्या कारखान्यात तपासणीला जायचो, तेव्हा माझा एक नियम होता. जिथे काजू पुढे येतात तिथे मशिनरी नीट बघायची. नव्या पोरांना मी हे शिकवायचो, तेही मोठ्या तोऱ्यात. आणि आज मुलांच्या पाळणाघरात मुलं सोडून सगळं मांडून बसलो होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला ते पोत्यावर निजलेलं पोर दिसलं आणि रडू यायचं बाकी राहिलं.

अण्णा आभारप्रदर्शनाला उठत होते. मी माइक काढून घेतला.

"मॅडम, मी बँकेत असतो तर हा अर्ज इथेच नाकारला असता. पण पाच मिनिटं द्या. मागच्या गल्लीत चला."

मॅडम निघाल्या. फेटा काढायचं त्यांच्याही लक्षात राहिलं नाही.

गोडाउनमध्ये चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये आपांनी संसार मांडला होता. रॅकला झोळ्या बांधलेल्या. एका मांडीवर एक, दुसरीवर दुसरं, आणि हातानं तिसऱ्याला वरणभात. फेटा बघून एका मुलीनं भोकाड पसरलं. तिच्या पाठोपाठ सगळी.

"ते डोक्यावरचं काढा, मॅडम," आपा म्हणाल्या, "आन् हिला घ्या. कुणी घेतलं की गप व्हती."

मॅडमनी फेटा काढला. सत्काराची चादर पसरून खाली बसल्या, पोरीला मांडीवर घेतलं. पोरगी गप्प झाली आणि थोड्या वेळानं तिनं चादर ओली केली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मॅडम हसत होत्या, आणि आपांना एकेका मुलाच्या आईचं विचारत होत्या. त्यांची गाडी चुकली. तासाभरात त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि मीही शहाणपणानं तोंड उघडलं नाही.

अनुदान मंजूर झालं. पत्रात शेवटी एक अट होती, पुढच्या भेटीच्या वेळी कोणताही कार्यक्रम ठेवू नये.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. "पुढच्या भेटीला नको म्हन्त्यात. मंजुरीचा सत्कार चालंल की!"

आलेल्या माणसाला काम दाखवावं, कौतुक नंतर करावं, एवढंच मी या वयात शिकलो. दिवाळी होऊन गेली. झोळ्या पुन्हा कड्यांना आहेत, आणि मी आणलेलं कुलूपही वाया गेलं नाही. ते माइकच्या कपाटाला लावलंय. किल्ली शबाना आपांकडे असते.