बाबाच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो

सई, नील — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला तर नाहीच. आज लिहिते आहे, कारण सई परवा फोनवर म्हणाली, की शाळेत कुटुंबावर बोलताना तिने तो फोटो दाखवला — बाबाचा पहिला वाढदिवस, चामराजपेटचं घर, आणि बाबाला कडेवर घेतलेली मी.

त्या दिवशी मी तिथे नव्हते.

ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला गेले होते. जायलाच हवं होतं का? नाही. साहेबांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. बाबाला घेऊन उभी होती सुमन — आजोबांची धाकटी बहीण, तुमची सुमनआजी. तिने लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली. मी नोकरी केली, तिने बाबाला वाढवलं. त्याचा पहिला शब्द ‘अक्का’ होता. गल्लीत सगळे तिला कानडीत अक्काच, म्हणजे ताईच, म्हणत.

बाबाला चाळिसाव्या वाढदिवसाला द्यावेत म्हणून मी जुने फोटो कॉम्प्युटरवर नीट करायला शिकले. तोवर सुमन आणि मी महादेवपुऱ्यात राहायला आलो होतो. शेजारच्या फ्लॅटमधली नागपूरची मृण्मयी रविवारी शिकवायची. लेयर म्हणजे काचेवर काच ठेवावी तसं — खालच्या चित्राला हात लावायचा नाही, बदल वरच्या काचेवर करायचा. प्रत्येक लेयरशेजारी एक छोटा डोळा असतो. तो मिटला की लेयर दिसेनासा होतो. ‘‘काकू, सगळे लेयर एकत्र करू नका हं, मग मागे जाता येत नाही,’’ असं ती बजावायची.

आधी मी फक्त डाग काढत होते. मग माझ्या त्याच वर्षीच्या एका फोटोतला चेहरा उचलला आणि सुमनच्या चेहऱ्यावर ठेवला. गंमत म्हणून — असं स्वतःला सांगितलं. डोळा मिटला की सुमन. उघडला की मी. किती वेळ ते करत बसले असेन? त्या फोटोकडे पाहून वर्षानुवर्षं जे टोचत होतं, ते त्या इवल्याशा डोळ्याने नाहीसं होत होतं. मी कडा पुसट केल्या, करडा रंग जुळवला. आणि मग — सगळे लेयर एकत्र केले. मूळ फाइलवरच. कागदी फोटो फाडून टाकला. चुकून नाही. मागे जाता येऊ नये, म्हणूनच.

फ्रेम करून आणलेला फोटो आधी सुमनच्याच हाती पडला. आजोबा तेव्हा हयात नव्हते; तो दिवस आठवणारी ती एकटीच उरली होती. तिने बराच वेळ पाहिलं.

‘‘वहिनी, तेव्हा तुम्ही दिल्लीला होता ना?’’

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. नाही का? मी म्हणाले, ‘‘तुला हल्ली आठवत नाही गं. वय झालं.’’

‘‘सरी, बरं वहिनी. असेल.’’

भांडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर गॅस बंद केला ना, म्हणून ती पुन्हा पुन्हा उठून बघू लागली. गोळी घेतली का, हे मला विचारू लागली. बाबाने फोनवर लहानपणचं काही विचारलं, की म्हणायची, आईला विचार रे, माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. पूर्वी त्याच्या खोड्या सांगताना ती थांबायची नाही. तिचं डोकं शाबूत होतं — आणि हे फक्त मला ठाऊक होतं. मी गप्प राहिले. एक दिवस नव्हे, रोज. गेल्या वर्षी ती गेली, तेही स्वतःच्या आठवणींवर अविश्वास ठेवूनच.

मूळ फोटो आता कुठेच नाही. तुमच्याकडच्या फोटोत चेहरा तेवढा माझा आहे. साडी, मान, हात, आणि बाबाला कडेवर तोलून धरायची ती पद्धत — सगळं सुमनचं आहे.