तिरप्या पट्ट्यांचा मंडप

जबलपूरच्या आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात मुलांनी मिळून लाकडी मंडप उभारायचा होता. ढकलल्यावर हलला तर सगळे नापास, असं मी बजावलं होतं. नकाशे काढणाऱ्यांनी खांब मुद्दाम बारीक दाखवले, कारण भाराचा हिशेब करणारे ते नेहमी जाड करत. यंदा मात्र भांडण नको म्हणून हिशेबवाल्यांनी ते तसेच ठेवले. मंडप डुलायला लागला.

“जाड काहून नाही केले?” नकाशावाली ओरडली.

“दरवेळी तुम्हीच रडता ना, दीदी!” हिशेबवाला म्हणाला.

मग एकमताने त्यांनी चारी बाजूंना तिरप्या पट्ट्या ठोकल्या. मी जोर लावून ढकललं. मंडप हलला नाही. आत शिरायला मात्र कुठेच वाट नव्हती. सगळ्यांना पास केलं. आत जाता यावं, असं मी कुठे म्हटलं होतं?