आवाज बंद झालेलं पिंप

दारूचं माझं सगळं शिक्षण नवऱ्याच्या तोंडाच्या वासावर झालं. लग्नानंतर कित्येक वर्षं, ते आपलं दुकान बंद करून आले की मी दार उघडायची ती आधी नाक पुढे करून. मग एका शनिवारी जामसांवलीच्या हनुमानापुढे नारळ फोडून त्यांनी सोडली, आणि खरंच सोडली. अशा घरात मी आपल्या हातानं वाईनचं पिंप आणून ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण वेली माझ्या बाबांच्या होत्या. लोधीखेड्याकडच्या मुरमाड उतारावर बाबांनी पांढरी द्राक्षं लावली तेव्हा सगळे हसले. चहूकडे संत्रा आणि कापूस, आणि या तुकड्यात तर विहीरसुद्धा नाही. बाबा म्हणायचे, "तहान लागली का मुळ्या आपोआप खाली जातेत." मुळ्या खाली गेल्या, बाबा वर गेले. त्या म्हाताऱ्या, फक्त पावसावर जगलेल्या वेलींना येतात थोडेच घोस, मणी बारीक, पण गोडी अशी की बोटं चिकटतात. बारीक मण्याला व्यापारी विचारत नाही. भावानं सरळ सांगितलं, "बाई, या सालचं पाहू. तुयं काई जमलं तं ठीक, नाई तं उन्हाळ्यात उपटतो अन् संत्रा लावतो." शेत त्याच्या नावावर होतं. बाबांचं मात्र त्या वेलींशिवाय काही उरलं नव्हतं.

म्हणून मी नाशिककडे एका वाईन करणाऱ्या बाईंकडे राहून शिकले, परवाना काढला, त्यांचंच एक जुनं लाकडी पिंप आणलं. नवऱ्याला आधी विचारलं होतं. "आण ना. मले काई होत नाई," ते म्हणाले.

द्राक्षं तोडली, पिळली, रस पिंपात भरून यीस्ट घातलं. पिंपाला कान लावला की आत भात रटरटल्यासारखा आवाज यायचा. वास घरभर पसरला. यांनी खाट ओसरीत नेली. "आत उकडून रायलं," म्हणाले. मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

ऊन तापलं आणि एका दुपारी कान लावला तर आत काहीच नाही. काचेची नळी टाकून मोजलं, निम्मी गोडी अजून तशीच होती, म्हणजे काम अर्ध्यातच थांबलं होतं. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "चाखून सांगा. नुसती गोड लागते की व्हिनेगरसारखी झोंबते? झोंबत असेल तर गेली." वाटीत काढून मी घोट घेतला आणि ती सगळी जुनी वर्षं तोंडात आली. अंगणात जाऊन थुंकले. गोड कळेना, आंबट कळेना. गाढवाला गुळाची चव काय! मी पिंपापाशी बसून रडायला लागले.

ते दारात उभे होते. "मी सांगू काय?"

"तुमी इथून जा," मी ओरडले. आणि तापलेल्या पिंपावर टाकायला पोती भिजवावी म्हणून मीच टाक्यावर गेले.

परत आले तर वाटी रिकामी.

"फेकलं का तुमी?"

"हो. मोरीत."

मोरी कोरडी ठणठणीत होती. मी जवळ गेले. त्यांनी तोंड फिरवलं नाही. माझ्या नाकाला विसर पडला नव्हता.

"आंबली नाई," ते म्हणाले. "गरमीनं थांबली. थंड कर, चालू होते." आणि मटकन खाली बसले. "एकच घोट घेतला वं. पन आता मले अख्खं पिंप दिसून रायलं."

मी बूच उपटायला धावले. वाहून जाऊ दे सगळं! त्यांनी माझा हात धरला. "वेली उपटल्या तं तू मले मरेपावतो माफ नाई करशीन." खरं बोलले, आणि त्याचा मला आजही संताप येतो. पिशवीत दोन कपडे कोंबून ते जामसांवलीला निघून गेले. "हे आटोपलं का बोलाव," म्हणाले.

मी ओली पोती बदलत राहिले, नवं यीस्ट घातलं. आवाज परत आला. ज्या आवाजासाठी जीव टाकला होता तो आता ऐकवत नव्हता. बंद पडावं असंही वाटे, बंद पडलं का म्हणून धावतही जाई. शेवटी नाशिकच्या बाई येऊन चाखून गेल्या, डोळे मिटून म्हणाल्या, अशी वाईन म्हाताऱ्या वेलींशिवाय होत नाही. पिंप, वाईनसकट, त्याच विकत घेऊन गेल्या. भावानं संत्र्याचं नाव काढलं नाही. काय करू मी त्या चांगल्या वाईनचं?

मग मी बोलावलं, आणि हे घरी आले, वाळून.

आता वेलींवर पुन्हा घोस धरले आहेत, आणि भाऊच विचारतो, पिंप कधी आणतेस. हे संध्याकाळी दुकानातून येतात, चप्पल काढायच्या आधी माझ्यासमोर वाकतात आणि तोंड उघडून श्वास सोडतात. मी नको म्हटलं की आणखी जवळ येतात. मग मी वास घेते, आणि त्यांचं पान वाढते.