ताईच्या सासरची पेटी

घाटावरच्या माणसाला एक गोष्ट पटवून देणं फार अवघड असतं. रत्नागिरीकडच्या प्रत्येकाची हापूसची बाग नसते. आमची नव्हती. परसात एक रायवळ आंबा होता, तेवढीच आमची बागायत. बाबा पालीजवळच्या एका बागायतदारांकडे मजुरीला जायचे. उन्हाळ्यात टोकाला जाळी लावलेला लांब झेला घेऊन आंबे उतरवायचे, पेट्या भरायच्या, आणि पाऊस सरला की तिथलीच बेणणी, म्हणजे झाडांखालचं माजलेलं रान कापून काढायचं.

१९९८ साली माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं, कोल्हापूरला. आई गेली तेव्हा ताई सातवीत होती. तिने दप्तर खुंटीला अडकवलं आणि चूल हातात घेतली, म्हणून मी पुढे कॉलेजात जाऊ शकले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे, ती मी चौकट करून भिंतीवर लावली आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. पण ती पदवी निम्मी ताईची आहे, हेही मी येईल त्याला सांगते.

लग्नाच्या पंगतीतच ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "आता काय बाई, आंबा घरचाच!" सगळे हसले. आम्हीही हसलो. तिथेच बोलायला हवं होतं, पण मांडवात कोण बोलणार? ताईला सासरी कोणासमोर मान खाली घालायला लागू नये, एवढंच बाबांच्या आणि माझ्या मनात होतं.

पाडवा आला. पाडव्याचा आंबा म्हणजे सोन्याच्या भावाचा. बाबांनी मालकांकडून एक पेटी उधार घेतली, स्वतःच्या हाताने पेंढा घालून भरली आणि पालीला कोल्हापूरच्या एस्टीच्या टपावर चढवली. मालक म्हणाले, "ने रे, पैसे काय पळून जातायत?" पुढच्या वर्षी ताईच्या नणंदेकडे एक वाढली. मग जावेच्या माहेरी एक. मग त्यांच्या डॉक्टरांना एक. दरम्यान मला रत्नागिरीत कारकुनाची नोकरी लागली. नोकरी लागली म्हणून हप्त्यावर रंगीत टीव्ही आला, मग कपाट आलं. पेट्यांचे पैसे मी जमेल तसे बाबांच्या हाती देत होते, ते जुन्या बाकीत जात आणि नवा हंगाम नवी बाकी घेऊन येई.

पाऊस सरल्यावर एकदा पालीच्या बाजारात मालकीणबाई भेटल्या. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुझे बाबा ऐकत नाहीत गो. गुडघे धरून धरून बेणणी करतात. आणि मजुरी हातावर ठेवली तर परत देतात. म्हणतात, पेट्यांत वळती करा."

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं. तुला ठाऊक नाय?"

घरी आले तर बाबा पडवीत गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"बाबा, मजुरी का घेत नाही?"

"तुझे हप्ते हायत ना गो. त्यात हे कशाला सांगायचं?"

"आणि तुम्हाला काही लागत नाही?"

"मला काय लागतंय? पेज नि सुको बांगडो. ताईची मान ताठ राहिली म्हणजे झालं."

त्यांच्यावर रागवायचं होतं. पण मी तेलाची वाटी घेतली आणि दुसरा गुडघा चोळायला बसले.

टीव्ही शेजाऱ्यांना दिला, उरलेले हप्ते त्यांनी उचलले. पगाराच्या दिवशी घरी यायच्या आधी मी पालीला उतरू लागले आणि तडक मालकांकडे जाऊन पैसे देऊ लागले. पगार एकदा घराचा उंबरठा ओलांडून आत आला की तो आपला वाटायला लागतो, म्हणून वाटेतच. आणि खर्चाला बाबांचा नियम लावला. मी बाजारातून येऊन म्हणायचे, "एक मिक्सर बघितला बाबा, काय छान होता." बाबा म्हणायचे, "अढीत घाल." उतरवलेला कच्चा आंबा गवताच्या अढीत घालतात, तो आठ-दहा दिवस उकलायचा नसतो. मिक्सर अढीत घातला. दहा दिवसांनी बघते तर पाटा-वरवंटा बरा होता. चपला मात्र अढीतून पिकून बाहेर आल्या, त्या घेतल्या.

पण पेट्या जात होत्या तोवर हे सगळं भोक पडलेल्या कळशीत पाणी भरण्यासारखं होतं. पुढच्या पाडव्याला मीच कोल्हापूरला गेले. पिशवीत कुळथाचं पीठ, आमसुलं आणि रायवळाच्या कैऱ्या.

सासूबाई दारातच म्हणाल्या, "पेटी मागनं येतीया व्हय?"

ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलले नसते.

"नाही मावशी. पेटी येणार नाही. बाग आमची नाही. बाबा तिथे मजुरी करतात. इतकी वर्षं आम्ही उधारीवर घेऊन पाठवत होतो."

नणंद म्हणाली, "म्हंजे आम्ही इकतचा आंबा खाल्ला?"

सासूबाईंनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत पानं मांडायला गेल्या. ताई मला वाढताना फक्त एवढंच म्हणाली, "येडे, उधारीचं मला तरी सांगायचंस." तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

निघताना सासूबाईंनी माझ्या पिशवीत गुळाची ढेप घातली. दर वर्षी त्यांच्याकडून अशी ढेप यायची. घरच्या गुऱ्हाळातला गूळ म्हणून बाबा गावभर खडे वाटायचे.

"घे. आणि बाबास्नी सांग, आमचं तरी कुठं गुऱ्हाळ हाय? दर वर्साला दुकानातनं आणतोय. लगनात तुमचा चुलता म्हणाला, कोल्हापूरचं सोयरं, आता गूळ घरचा. काय बोलणार?"

आधी ताईला हसू फुटलं. मग आम्हा सगळ्यांनाच.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी गुळाचा खडा जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "तरी गोड हाय."

त्यानंतर दीड वर्षात बाकी फिटली. बाबांची बेणणी मी सोडायला लावली. आंबे उतरवायला ते जात राहिले, कारण ते त्यांना आवडायचं, पण मजुरी हातात घेऊन यायचे. पालीला उतरायची माझी सवय मोडली नाही. पगाराच्या दिवशी आता तिथल्या पोस्टात जाऊन तेवढेच पैसे ठेवायचे.

पुढच्या हंगामात त्याच मालकांकडून मी एक पेटी रोख पैसे देऊन घेतली आणि पडवीत बाबांसमोर ठेवली.

"ही कोणाकडे धाडायची?"

"कोणाकडे नाही. तुमची आहे."

जन्मभर त्यांनी पेट्या ठोकून बंद केल्या होत्या. उघडली मात्र एकही नव्हती. त्यांनी विळ्याच्या टोकाने एकेक खिळा उचकटला, दगडावर ठोकून सरळ केला आणि कनवटीला लावला. मग पेंढा बाजूला सारून सवयीने डाग पडलेला आंबा शोधू लागले. आमच्याकडे डागी आधी खायचा, चांगला ठेवायचा.

मी मधला एक निवडला, पिवळाधमक, आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी धरला.

"हा अढीत नाय ना घालायचा?" म्हणाले.

"नाही बाबा. हा आत्ता खायचा."