रिकाम्या हॉलची मोजणी

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी देवळाली प्रवराजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि पुण्याच्या एका सरांकडे एम.ई.चा प्रबंध करायचे. करायचे म्हणजे ओढायचे. श्रीरामपूरहून एस.टी., तास, पेपर तपासणं, घरी सासूबाईंचा दमा, नवरा नोकरीला अकोल्यात, आणि त्यात सातवा महिना. विद्यापीठानं दिलेली मुदतवाढ शेवटची होती. प्रबंध हुकला तर पदवी हुकली, आणि पदवीशिवाय कॉलेज मला कायम करणार नव्हतं.

विषय सांगितला की लोक हसायचे. एकाच खोलीत, जवळच्या जवळ, बिनतारी संदेश पाठवायचा. अँटेनातून एक पल्स सोडायची, पापणी लवण्याच्या कितीतरी आधी संपणारी. ती समोर सरळ पोचतेच, शिवाय भिंतीवर, कपाटावर, पंख्यावर आपटून मागाहूनही येत राहते. समोर तीन अँटेना ठेवल्या तर प्रत्येकीला हे सगळे प्रतिध्वनी किंचित वेगळ्या वेळी मिळतात. खोली त्या संदेशाचं काय करते, ते गणितात मांडायचं, एवढंच माझं काम. सासूबाई म्हणायच्या, "आगं, एका खोलीत बोलायला यंत्र कशाला लागतंय? हाळी दिली की झालं." दमून आल्यावर मलाही ते पटायचं.

मोजणीसाठी लागणारा, पल्स पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप मोठ्या मिनतवारीनं पुण्याहून थोड्या दिवसांपुरता आणला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो परत जायचा होता. पद्धत अशी, की अँटेना मांडलेला कॉलेजचा हॉल रिकामा ठेवायचा, त्यांची लांब केबल दाराबाहेर ओढायची आणि बाहेर बसून रिडिंग घ्यायची. काम निम्म्यावर आलं आणि खंडेनवमी उजाडली.

आम्ही बौद्ध, आमच्या घरी खंडेनवमी नसते. कॉलेजात मात्र वर्कशॉपातल्या लेथपासून लॅबमधल्या सोल्डरिंग गनपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडू होता. विभागप्रमुखांनी माझ्या अँटेनांनाही हळदकुंकू वाहिलं होतं. "आज हात लावायचा नाही, मॅडम. वर्षातून एक दिवस त्यांनाही विश्रांती नको का?" ते प्रेमानं म्हणाले. माझ्या पायांना सूज होती. मला अँटेनांचा मनापासून हेवा वाटला.

दसऱ्याला सासूबाई पांढरी साडी नेसून विहारात गेल्या आणि मी कॉलेजात. तिथं नवीनच कळलं. पूजेत मांडलेली लांब केबल प्रमुखांनी हारासकट गुंडाळून आपल्या लोखंडी कपाटात ठेवली होती. महागाची वस्तू, सुट्टीत कुठं हरवायला नको म्हणून. किल्ली खिशात घालून ते गावी गेले होते आणि त्यांच्या गावच्या घरी फोन नव्हता. "सायेब आता परवाच येत्याल," कॉलेजचा शिपाई म्हणाला. यंत्र तर उद्याच जाणार होतं. मला तिथंच रडू आलं. राग कुणावर काढायचा तेही कळेना, कारण वाईट कुणीच वागलं नव्हतं.

शोधाशोध करून एक आखूड केबल मिळाली, पण ती दारापर्यंत पोचेना. शेवटी स्टूल ओढलं आणि हॉलमध्येच बसले. हलायचं नाही, एवढं ठरवलं. श्वास रोखायचा, बटण दाबायचं, श्वास सोडायचा. दिवसभर हेच. पोटातलं पोर मात्र ऐकेना. "थांब की जरा," मी सारखी म्हणत होते. संध्याकाळी कॉलेजच्या फाट्यावर उतरलेल्या लोकांनी एकमेकांना सोनं दिलं, मलाही दिलं. हात पुढं करायचाही कंटाळा आला होता.

पुढच्या आठवड्यात पुण्याला सरांसमोर आलेख पसरले. नवमीनंतरच्या सगळ्या रिडिंगमध्ये एक ठळक प्रतिध्वनी होता आणि तो हॉलच्या नकाशात कुठंच बसेना. सरांनी तिन्ही अँटेनांच्या वेळांवरून कागदावर तीन वक्र काढले. ते एका जागी छेदले.

"इथं काय आहे? खांब?"

"स्टूल," मी म्हटलं. "म्हणजे मी."

त्यांनी चष्मा काढला. "मग ही रिडिंग गेली. आपलं मॉडेल रिकाम्या खोलीचं आहे. पुढच्या वर्षी परत घ्या."

पुढचं वर्ष माझ्याकडे नव्हतंच. भांडायची ताकदही नव्हती, त्यामुळं जे तोंडात आलं ते बोलून गेले. "सर, रिकाम्या खोलीत कोण कुणाशी बोलणार आहे? माणूस असतंच की आत."

सरांनी चष्मा परत चढवला आणि आलेख जवळ ओढले. मग म्हणाले, "बरं. माणूस धरून मांडा."

माणूस धरून मांडायचं म्हणजे जवळजवळ सगळं गणित नव्यानं. ते मी स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत केलं. आठवा महिना सरत आला तेव्हा कुठं श्रीरामपूरच्या टायपिंगवाल्यासमोर बसले. तो टाइप करत होता, मी सांगत होते. पहिलंच गृहीतक आलं: 'खोलीत एक व्यक्ती स्थिर बसलेली आहे.'

तेवढ्यात पोटात अशी लाथ बसली की मी टेबलाची कड धरली. त्या वाक्यातलं 'एक'ही चूक होतं आणि 'स्थिर'ही. टायपिंगवाला थांबून माझ्याकडं बघू लागला. "काही बदलायचंय का, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. "पुढं घ्या."