मुठीखालचा गंज

मी हिंगोलीकडची, सातवीत शाळा सोडलेली. मुरबाडजवळच्या एका घरात एकट्या काकांची देखभाल करायला राहिले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला औषधांच्या आधी तलवार दाखवली.

"हिला बोट लावायचं नाय. घाम लागला का डाग पडतो."

तलवार जपानी. काकांच्या वडिलांनी बर्माच्या लढाईतून आणलेली. महिन्यातून एकदा काका मऊ कापडाने पात्याचं जुनं तेल टिपायचे, नवं तेल अगदी पातळ फिरवायचे. तेवढा वेळ तोंडातून शब्द नाही, कारण थुंकीचा शिंतोडाही पात्याला चालत नाही. एरवी बडबडे काका. त्या अर्ध्या तासात घरात तिसरं कोणी येऊन बसल्यासारखं वाटायचं. मी भांडीसुद्धा हळू ठेवायची.

"बाप मरताना एकच बोलला," त्यांनी एकदा सांगितलं. "'त्यानं हात वर केलं व्हतं रे. तरी मी...' पुढं काय नाय."

ज्या जपानी सैनिकाची ती तलवार, त्याच्या घरी काकांना ती पोचवायची होती. मुंबईचे जुन्या हत्यारांचे एक जाणकार फोनवर म्हणाले, मूठ काढा, आतल्या लोखंडावर घडवणाऱ्याचं, कधी मालकाचंही नाव कोरलेलं असतं. नावावरून गाव कळेल, नशीब असेल तर घरही.

काकांनी मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली. आत काळाकुट्ट गंज आणि त्यात बुजलेली अक्षरं. जाणकार शनिवारी येणार होते. गुरुवारी काका पुतण्याच्या गाडीने शहापूरला डोळे दाखवायला गेले. तलवार टेबलावर तशीच उघडी.

त्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे विळा, कुऱ्हाड, सगळं चिंच-राखेने लख्ख घासून पुजतात. गंजकं हत्यार पुजणं म्हणजे घराला दोष. मला सारखी धास्ती असायची, काही चुकलं तर काढून टाकतील. आणि माझ्यासारखीला "जेवलीस का गो?" विचारणारं दुसरं होतं कोण? काहीतरी फेडावं वाटलं. चकचकीत पात्याला मी हात लावला नाही, तेवढी शहाणी. गंजलेला भाग मात्र घासला. चिंचेने सुटेना म्हणून पॉलिश पेपर घेतला. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला.

काका आले आणि खुर्चीत बसून राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"गो, तो गंज म्हंजे तिचा जन्मदाखला व्हता."

शनिवारी जाणकारांनी भिंग लावलं. गंजाच्या रंगावरूनच वय ओळखतात म्हणे. तो गेला होता. अक्षरांच्या दोन रेघा उरल्या होत्या.

"आता नाही वाचता येत," ते म्हणाले. "कोणी घासलं हे?"

"मी," काका म्हणाले. "म्हाताऱ्याची अक्कल."

ते गेल्यावर मी म्हटलं, "काका, मी गावाकडं जाते."

"जा. पन तो माणूस आला दारात, आपली तलवार मागायला, तर मी एकटा काय बोलू?"

ते मस्करी करत नव्हते.

"तुम्ही कशाला बोलता? नाव मी पुसलं. मी सांगंन त्याला."

त्यांनी मान डोलावली. रात्र पडली होती. मी दार लावायला उठले.

"असू दे गो उघडं," ते म्हणाले.