मथुरेचा कॉम्प्युटर

मथुरेचा कॉम्प्युटर मिठाईच्या खोक्याएवढा होता. कुठल्याशा ऑफिसाने मोडीत काढलेला. रत्नागिरीत भावाच्या घरी, मागच्या खोलीत बसून ती छापखान्यांसाठी लग्नपत्रिका आणि बॅनर बनवायची. पंचेचाळिशी उलटली होती, लग्न झालेलं नव्हतं. त्या घरात स्वतःचं म्हणावं असं तिचं ते एक खोकंच.

आणि ते रखडायचं. मोठा बॅनर उघडला की स्क्रीन पांढराफटक पडायचा आणि मथुरा हात मांडीवर ठेवून बसून राहायची. छापखानेवाले फोन करून कंटाळायचे, काम दुसरीकडे द्यायचे. मिरकरवाड्याच्या रस्त्यावर फैझानचं रिपेअरिंगचं दुकान होतं. त्याने खोकं उघडून दाखवलं. मेमरी वाढवली आणि डिस्क नवी टाकली तर मशीन धावेल, म्हणाला. जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत होता. ती कधीही दगा देईल, तिच्यावर कामाचं काही ठेवू नका, असंही त्याने बजावलं.

घरखर्चाचं वहिनीच्या हातात दिल्यावर मथुरेकडे फारसं उरत नसे. डोळ्यांचा नंबर वाढला तरी तिने चष्मा बदलला नाही. बाजारात गेली की फैझानच्या काचेतली मेमरीची पट्टी बघून यायची, बायका सोन्याचा दागिना बघतात तशी. डबड्यात पैसे घालण्यापेक्षा घरात घाल, असं वहिनी ऐकवायची. वर्ष-दीड वर्ष असं गेलं. शेवटी एका दुपारी फैझानने तिच्यासमोर दोन्ही वस्तू बसवून दिल्या. जुने भाग तिने पिशवीत घालून घरी आणले. फेकायला जीव होत नव्हता.

मशीन खरंच धावायला लागलं. त्या लग्नसराईत मथुरेने एकही काम परत पाठवलं नाही.

जूनमध्ये भावाची मुलगी वेदिका कॉम्प्युटरच्या कोर्सला चिपळूणला निघाली. जेवताना भावाने विषय काढला.

"वेदिकाला कॉम्प्युटर लागेल. तुझा आता बरा चालतो ना?"

"तिचं आयुष्य घडायचंय," वहिनी म्हणाली. "तुझं आता काय अडणार आहे?"

मथुरेने वेदिकाकडे पाहिलं. ह्या पोरीला तिने अंगाखांद्यावर वाढवलं होतं. वेदिका मान खाली घालून बांगड्याचा काटा काढत राहिली.

"नेऊ दे," मथुरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना तिने खोकं उघडलं. नवी मेमरी, नवी डिस्क काढून घेतली आणि पिशवीतले जुने भाग परत बसवले.

श्रावणात वेदिकाचा फोन आला.

"आते, फार हळू चालतो गो. टकटक वाजतो पण. माझं सगळं प्रोजेक्ट ह्याच्यावर आहे. काही होणार नाही ना?"

मथुरेला सगळं ठाऊक होतं. एक शब्द पुरला असता. पण तिला तो बांगड्याचा काटा आठवला.

"काही होत नाही गो," ती म्हणाली. "तो पहिल्यापासून तसाच आहे. तू कर."

प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या दिवशी डिस्क गेली. आतलं काही म्हणता काही निघालं नाही. वेदिकाचं वर्ष बुडालं. भावाने तिला सामानासकट घरी आणलं, पुन्हा फी भरायची ऐपत नाही म्हणून कॉलेज बंद केलं, आणि खोकं मथुरेच्या खाटेवर टाकलं. पोरीच्या गळ्यात भंगार बांधलंस, असं वहिनी आठवडाभर बोलत होती. मथुरेने ते सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं.

घर शांत झाल्यावर एका सकाळी तिने नवे भाग परत बसवले आणि बटण दाबलं. पापणी लवायच्या आत स्क्रीन उजळला. मागे चाहूल लागली. दारात वेदिका उभी होती. स्क्रूड्रायव्हर अजून मथुरेच्या हातातच होता.

वेदिकाने उजळलेला स्क्रीन पाहिला, मग बाजूला काढून ठेवलेली जुनी डिस्क.

"मी फोन केला होता ना तुला," ती एवढंच म्हणाली.

तिने आईला सांगितलं नाही, वडिलांनाही नाही. सांगितलं असतं, भांडण झालं असतं, तर मथुरेला बरं वाटलं असतं. वेदिका आता बाजारात कपड्यांच्या दुकानात उभी असते. मथुरेच्या दारावरून रोज जाते-येते. आते अशी हाक तिने त्यानंतर मारलेली नाही.